मूल दत्तक घेणे आणि मुलाचे प्रतिपालक होणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘आम्हाला एखादे मूल सांभाळायचे आहे’ असे म्हणणाऱ्या बहुतेकांच्या मनात दत्तकाचीच कल्पना असते. दत्तकाची प्रतीक्षायादी लांबलचक आहे हे कळल्यावर मात्र ‘मग फॉस्टर केअरमधून लवकर मिळेल का?’ असा पुढचा प्रश्न येतो. हे दोन मार्ग एकाच ठिकाणी पोहोचणारे लांबचे आणि जवळचे रस्ते नाहीत, आणि खालच्या बऱ्याच उत्तरांचा रोख तेच स्पष्ट करण्याकडे आहे. उत्तरे भारतातील, त्यातही महाराष्ट्रातील व्यवस्थेला धरून लिहिली आहेत.

दोहोंमधील मूळ फरक कोणता?

दत्तकामुळे मुलाचे आईवडील बदलतात, तर प्रतिपालकत्वात, म्हणजेच फॉस्टर केअरमध्ये, ते बदलत नाहीत. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ६३ प्रमाणे दत्तकाचा आदेश झाला की ते मूल दत्तक आईवडिलांच्या पोटी जन्मले आहे असेच कायदा धरून चालतो आणि जन्मदात्या कुटुंबाशी असलेले त्याचे कायदेशीर नाते संपते. कलम ४४ खालील प्रतिपालकत्वात बाल कल्याण समिती मुलाला काही काळासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवते. त्याच्या जेवणखाण्याची, शाळेची आणि औषधपाण्याची जबाबदारी त्या कुटुंबाकडे येते, पण मुलाविषयीचे मोठे निर्णय समितीच्या हाती राहतात आणि त्याचे नाव, आडनाव व वारसा आहे तिथेच राहतो. माया कोणत्या घरी जास्त मिळेल, याच्याशी या फरकाचा काहीही संबंध नाही.

कोणते मूल कोणत्या मार्गाने येते, हे कोण ठरवते?

हे ठरवण्याचा अधिकार पालकांना नसतो. मुलाच्या परिस्थितीवरून बाल कल्याण समिती ते ठरवते. अशी समिती प्रत्येक जिल्ह्यात असते आणि तिच्यात एक अध्यक्ष व चार सदस्य असतात.

मूल सापडलेले किंवा अनाथ असेल, तर समिती त्याच्या आईवडिलांचा आणि नातेवाइकांचा शोध घ्यायला लावते. शोध निष्फळ ठरला, तर दोन वर्षांपर्यंतच्या मुलाच्या बाबतीत दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाच्या बाबतीत चार महिन्यांत त्याला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करायचे असते. आईने किंवा आईवडिलांनी मूल समितीसमोर स्वतःहून समर्पित केले असेल, तर फेरविचारासाठी त्यांना दोन महिन्यांची मुदत मिळते. कुमारी मातांच्या बाबतीत ही मुदत फार मोलाची ठरते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात, घरच्यांच्या दडपणाखाली केलेली सही हीच त्या बाईची खरी इच्छा होती, असे कायदासुद्धा गृहीत धरत नाही.

प्रतिपालकत्वाकडे येणारी मुले वेगळी असतात. कुणाचे वडील तुरुंगात असतात आणि आई हयात नसते, कुणाची आई दीर्घ मानसिक आजाराने रुग्णालयात असते, तर कुणाच्या घरी दारूपायी अशी परिस्थिती झालेली असते की मुलाला तिथे ठेवणे धोक्याचे ठरावे. या मुलांचे घर मोडकळीला आलेले असते, पण नाहीसे झालेले नसते. उद्या त्या घराचे दार पुन्हा उघडू शकते म्हणून त्यांना दत्तक देता येत नाही, आणि तोपर्यंत त्यांनी बालगृहातच वाढावे हेही योग्य नाही. या मधल्या काळासाठी प्रतिपालक कुटुंब लागते. याशिवाय बालगृहात राहणाऱ्या, सहा वर्षांपुढच्या आणि ज्यांना दत्तक कुटुंब मिळत नाही अशा मुलांचाही या व्यवस्थेत विचार होतो.

कायद्यातील एक वाक्य इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे: समितीने दत्तकयोग्य मानलेले मूल दीर्घकालीन प्रतिपालकत्वात देता येत नाही. ज्याला कायमचे घर मिळू शकते, त्याला तात्पुरत्या घरात अडकवून ठेवू नये, हा त्यामागचा विचार आहे.

आधी मूल फॉस्टर म्हणून आणू आणि मग दत्तक घेऊ, असे करता येईल का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये प्रतिपालकत्वाच्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या. त्यांनुसार मूल दोन वर्षे कुटुंबात राहिल्यानंतर, आणि ते दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त झालेले असल्यास, प्रतिपालक कुटुंबाला त्याच्या दत्तकासाठी अर्ज करता येतो. पूर्वी हा काळ पाच वर्षांचा होता. म्हणजे वाट आहे, आणि काही मोठ्या मुलांसाठी ती वरदान ठरू शकते.

पण त्या वाटेचा हिशेब मनात ठेवून प्रतिपालक होणे धोक्याचे आहे. ज्या मुलाची आई बरी होऊन परत येण्याची शक्यता आहे, त्याला घरी आणून ती बरी होऊ नये अशी आशा मनाच्या एका कोपऱ्यात बाळगणारे कुटुंब त्या मुलाला कसे सांभाळेल? बोलून दाखवले नाही तरी मुलांना हे कळते. तान्हे बाळ हवे असलेल्या आणि प्रतीक्षेला कंटाळलेल्या जोडप्याने प्रतिपालकत्वाचा विचार करू नये, असेच आम्ही सुचवतो. या मार्गाने तान्हे बाळ बहुधा येत नाही, आणि जे मूल येते त्याच्या मनात स्वतःच्या आईची जागा आधीच भरलेली असते.

‘दत्तकपूर्व संगोपन’ असा शब्द आमच्या कागदांवर आहे. म्हणजे आम्ही प्रतिपालक झालो का?

नाही. दत्तकप्रक्रियेत आपण मूल स्वीकारल्यावर अंतिम आदेश होईपर्यंत ते आपल्या घरी राहते, त्या काळाचे हे नाव आहे. ‘फॉस्टर’ हा शब्द दोन्हीकडे येत असल्याने घोटाळा होतो. हे मूल आधीच दत्तकासाठी मुक्त झालेले असते आणि ते कुणाकडे परत जाण्याची वाट पाहत नसते.

बालसंगोपन योजना म्हणजेच फॉस्टर केअर का?

महाराष्ट्रात हा गोंधळ गावोगाव आढळतो. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून सध्या पात्र मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. प्रत्यक्षात या योजनेचा लाभ बहुतांशी आईकडे किंवा वडिलांकडे, म्हणजे एकल पालकाकडे, अथवा आजी-आजोबा, मामा-मावशी यांच्याकडे राहणाऱ्या मुलांना होतो. हेतू उत्तम आहे, कारण पैशांअभावी मूल वसतिगृहात किंवा बालगृहात जाण्याचे टळते. मात्र स्वतःच्या आईजवळ राहणारे मूल हे कायद्याच्या अर्थाने प्रतिपालकत्वातील मूल नव्हे. कलम ४४ मध्ये अभिप्रेत असलेले कुटुंब मुलाच्या जन्मदात्या किंवा दत्तक आईवडिलांचे नसते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व आणि प्रतिपालकत्व या दोन्हींसाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. त्यातील प्रायोजकत्व आपल्याच घरी राहणाऱ्या मुलासाठी असते.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ज्यांचे नाव या संगोपन योजनेला दिले आहे, त्या सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८७४ मध्ये काशीबाई या विधवा ब्राह्मण स्त्रीचा मुलगा दत्तक घेतला होता. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. त्याआधी १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून, जिथे जिवाला धोका नाही अशी जागा अडलेल्या बायकांना दिली. त्या दोघांनी अडलेल्या आईला आधारही दिला आणि तिच्या मुलाला घरही दिले. आजच्या कायद्याने ही दोन कामे वेगवेगळ्या कलमांत विभागली आहेत.

दत्तक घेण्यासाठी पात्रता काय आहे?

२०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार जोडप्याच्या वैवाहिक जीवनाला किमान दोन स्थिर वर्षे झालेली असावीत आणि दोघांची संमती असावी. दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असल्यास दोघांच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा जास्त असू नये. एकल पालकाचे वय ४० पर्यंत असावे. मुलाचे वय वाढते तशी ही मर्यादाही वाढते आणि आठ वर्षांपुढच्या मुलासाठी ती अनुक्रमे ११० आणि ५५ होते. मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर लागते. एकल स्त्री मुलगा किंवा मुलगी दत्तक घेऊ शकते, पण एकल पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. आधीच दोन किंवा अधिक मुले असलेल्यांना विशेष गरजा असलेल्या किंवा सहसा घर न मिळणाऱ्या मुलांचाच विचार करता येतो. नात्यातील दत्तक आणि सावत्र मूल यांना मात्र ही अट लागू नाही.

धर्माची अट नाही. २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती मूल दत्तक घेऊ शकते.

आणि प्रतिपालक होण्यासाठी?

२०२४ च्या सूचनांनी आणलेला मोठा बदल असा, की आता अविवाहित, विधवा, विधुर किंवा घटस्फोटित व्यक्तीलाही वयाच्या ३५ वर्षांनंतर प्रतिपालक होता येते. एकल पुरुषाकडे फक्त मुलगा दिला जातो. जोडप्याला इथेही दोन वर्षांच्या स्थिर वैवाहिक जीवनाची अट आहे. कायदा सांगतो की कुटुंबाची क्षमता, हेतू आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव पाहून निवड व्हावी आणि भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे. समितीने प्रतिपालक कुटुंबाची दरमहा पाहणी करावी असेही कायद्यात आहे. सरकारी माणसाने दर महिन्याला घरी येऊन स्वयंपाकघर, मुलाचा बिछाना आणि वह्या-पुस्तके पाहणे ज्यांना अपमानाचे वाटेल, त्यांनी आधीच विचार करावा. ज्यांना हाच आधार वाटेल, त्यांच्यासाठी पुढचा प्रवास सोपा जातो.

मुलाचे खरे आईवडील भेटायला येतील का?

दत्तकात येणार नाहीत. त्यांची ओळख गोपनीय ठेवली जाते. दत्तक मुलाला पुढे आपल्या मुळांचा शोध घ्यायचा असेल, तर अठरा वर्षांनंतर ते स्वतः आणि त्याआधी दत्तक पालकांसह तसा अर्ज करू शकते. तिऱ्हाइताला मात्र ही माहिती दिली जात नाही.

प्रतिपालकत्वात भेटीगाठी हा व्यवस्थेचाच भाग आहे. मुलाच्या हिताला बाध येत असल्याचे समितीचे मत नसेल, तर आईवडील ठरावीक अंतराने मुलाला भेटू शकतात, आणि ते सांभाळायला समर्थ झाले असे समितीला वाटले तर मूल त्यांच्याकडे परत जाते. भेटीच्या आदल्या रात्री मूल झोपत नाही, भेटीनंतर दोन दिवस चिडचिड करते, कधी ‘तू माझी आई नाहीस’ असे प्रतिपालक आईला तोंडावर सांगते. त्या वेळी त्याच्या आईबद्दल एकही वावगा शब्द न काढता ताटात गरम पोळी वाढत राहणे, हे या कामातील सर्वांत अवघड कौशल्य आहे. मूल परत गेल्यावर घर रिकामे वाटते, हे खरे आहे. पण असे परत जाणे अपयश मानू नये. ते मूल त्यासाठीच आपल्याकडे आले होते.

शाळेत आणि कागदपत्रांवर कोणाचे नाव लागेल?

दत्तकाच्या आदेशानंतर जन्मदाखल्यावर आईवडील म्हणून दत्तक पालकांची नावे येतात आणि पुढची सर्व कागदपत्रे त्यावरून होतात. प्रतिपालकत्वात मुलाचे मूळ नाव कायम राहते. प्रवेशाच्या वेळी समितीचा आदेश दाखवावा. ‘शाळेत मुले चिडवतील’ म्हणून आपले आडनाव परस्पर लावून टाकू नये. परत जाणाऱ्या मुलाला त्या एका आडनावापायी पुढे किती कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात, याची कल्पना आधी येत नाही.

वारसाहक्काचे काय?

दत्तक मुलाला पोटच्या मुलाइतकाच हक्क असतो. दत्तकापूर्वी त्याच्या नावे झालेली मालमत्ता, तिच्यावरील बोजासह, त्याचीच राहते. प्रतिपालकत्वातील मुलाला प्रतिपालकांच्या मालमत्तेत वारसाहक्क नसतो. काही द्यायचे असल्यास मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र करावे लागते.

मराठी माणसाला दत्तकाचा विषय वारशापासून वेगळा काढणे जड जाते, आणि त्याला इतिहासही आहे. डलहौसीने १८४८ मध्ये साताऱ्याचा दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले, आणि १८५४ मध्ये नागपूर व झाशीचीही तीच गत झाली. उलट कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. पण ते दत्तक गादीसाठी होते. आजचा कायदा घराण्याला वारस मिळावा म्हणून केलेला नाही, मुलाला घर मिळावे म्हणून केला आहे. ‘म्हातारपणाची काठी’ म्हणून मूल घेऊ पाहणाऱ्यांनी हा बदल शांतपणे समजून घ्यावा.

माझ्या धाकट्या जावेचे बाळ आम्ही घेणार आहोत. त्यासाठीही सरकारी दत्तक-नोंदणीच्या पोर्टलवर रांग लावावी लागेल का?

नाही. कुटुंब हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असेल, तर हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ खाली मूल थेट आईवडिलांकडून घेता येते. अटी मात्र कडक आहेत. मूल सामान्यतः पंधरा वर्षांखालील आणि अविवाहित असावे. मुलगा घ्यायचा असल्यास घेणाऱ्याला हयात मुलगा, नातू किंवा पणतू नसावा. मुलगी घ्यायची असल्यास मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा घेतल्यास वयात किमान २१ वर्षांचे अंतर हवे. देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही घरांत पती-पत्नी दोघांची संमती हवी, आणि पैशांची देवाणघेवाण अजिबात चालत नाही. दत्तहोम केलाच पाहिजे असे नाही. मूल प्रत्यक्ष दिले-घेतले जाणे, म्हणजे जुन्या भाषेत ओटीत घालणे, हे आवश्यक आहे. त्यानंतर दुय्यम निबंधक कार्यालयात दत्तकपत्र नोंदवून घ्यावे, कारण नोंदणीकृत दत्तकपत्र असले की दत्तक वैध आहे असे न्यायालय गृहीत धरते. असे वैध दत्तक नंतर रद्द करता येत नाही.

बाल न्याय कायद्याखालीही नात्यातले मूल दत्तक घेता येते. तिथे नातेवाईक म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. हा मार्ग सर्व धर्मीयांना खुला आहे.

आईवडील हयात आणि धडधाकट असताना पुतण्या शिक्षणासाठी आपल्याकडे राहायला आला, तर ते दत्तकही नव्हे आणि प्रतिपालकत्वही नव्हे. त्यासाठी ‘काका-काकूंकडे राहणे’ हा शब्द पुरेसा आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आईवडील वारले, दोन मुली दत्तक द्यायच्या आहेत’ असा संदेश आला आहे. पुढे पाठवावा का?

पाठवू नये. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत अशा संदेशांचा पूर आला होता आणि त्याबाबत सरकारला इशारा द्यावा लागला होता. अशा मुलांची माहिती चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ या क्रमांकावर कळवावी. कायद्याने ठरवलेली प्रक्रिया डावलून अनाथ, सापडलेले किंवा समर्पित मूल घेणे-देणे हा कलम ८० खाली गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुलाची खरेदी-विक्री हा त्याहून गंभीर गुन्हा आहे. प्रसूतिगृहातून परस्पर बाळ ‘मिळवून देणारा’ माणूस कितीही सज्जन वाटला, तरी तो आपल्याला गुन्ह्यातच ओढत असतो.

दत्तकाला एवढा वेळ का लागतो?

कारण नोंदणी केलेल्या पालकांच्या तुलनेत दत्तकासाठी मुक्त असलेली लहान, निरोगी बाळे फार थोडी आहेत. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, नोंदीप्रमाणे २०२४-२५ मध्ये देशभरात ४,५१५ मुले दत्तक गेली आणि गेल्या अनेक वर्षांतील तो उच्चांक होता. मोठ्या वयाचे, भावंडांसह किंवा विशेष गरजा असलेले मूल स्वीकारण्याची तयारी असल्यास प्रतीक्षा बरीच कमी होते.

आम्ही परदेशात असतो. आम्हाला काय शक्य आहे?

अनिवासी भारतीयांना दत्तकाच्या क्रमात देशातील भारतीयांच्या बरोबरीने धरले जाते. मात्र आपण राहता त्या देशातील अधिकृत संस्थेमार्फत आणि आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या हेग कराराच्या चौकटीत जावे लागते. प्रतिपालकत्वात दरमहा पाहणी आणि आईवडिलांच्या भेटी असल्याने ते परदेशातून करणे व्यवहार्य नाही. ब्रिटन-अमेरिकेतील फॉस्टर केअरचे अनुभव वाचून आपल्याकडील व्यवस्थेचा अंदाज बांधू नये. तिकडे ही यंत्रणा खूप मोठी आणि जुनी आहे, तर इकडे अजून मुलांचे कुटुंबाबाहेरील संगोपन प्रामुख्याने बालगृहांतच होते.

जमले नाही तर मूल परत देता येते का?

प्रतिपालकत्वात समितीला कळवून व्यवस्था बदलता येते, आणि समिती स्वतःहूनही ती बदलू शकते. दत्तकात अंतिम आदेशापूर्वी अडचण आल्यास समुपदेशन होते आणि अगदीच जमत नसेल तर मूल संस्थेकडे परत जाते. आदेशानंतर दत्तक रद्द करण्याची वाट नियमांत अगदी अपवादात्मक परिस्थितीसाठी ठेवलेली आहे. दत्तकानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, संस्थेचा समाजसेवक भेट देतो. अडचणी त्याच्यापासून लपवण्याकडे पालकांचा कल असतो, पण खरे तर त्या सांगण्यासाठीच ती भेट असते.

प्रतिपालकत्वातील मूल अठरा वर्षांचे झाले की काय होते?

आदेश संपतो. गरज असल्यास २१ वर्षांपर्यंत, आणि विशेष परिस्थितीत २३ पर्यंत, पश्चात देखभालीची, म्हणजे स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंतच्या आधाराची, सोय आहे. त्यापुढे त्या घराशी नाते ठेवायचे की नाही, हे दोन्ही बाजूंच्या मनावर असते. दिवाळीला येणारी आणि लग्नाची पहिली पत्रिका आणून देणारी अशी मुले असतात.

सुरुवात कुठून करावी?

दत्तकासाठी ‘कारा’च्या संकेतस्थळावर स्वतः नोंदणी करावी, त्यासाठी मध्यस्थ लागत नाही. नोंदणीनंतर जवळच्या विशेष दत्तक संस्थेचा समाजसेवक गृहभेट अहवाल तयार करतो. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचे काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले, पण त्या बदलाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. त्यामुळे आपले प्रकरण कोणासमोर चालेल हे संस्थेकडून विचारून घ्यावे. प्रतिपालकत्वासाठी आपल्या जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयातील जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावे. जाताना घरातील सर्वांनी, सासूबाई आणि मोठी मुले असतील तर त्यांच्यासह, एकदा बसून बोलून घ्यावे. कारण समाजसेवक गृहभेटीला येतो तेव्हा प्रश्न फक्त नवरा-बायकोलाच विचारत नाही.